चौसष्टनंतर बेसबॉल

होतचंद गेल्याचं मला त्याच्या सुनेनं कळवलं, तेही तो जाऊन चार दिवस झाल्यावर. शेजारच्या जोश्यांकडे फोन आला म्हणून मी हात पुसत गेले, बोटांना कणीक लागलेली होती. ती म्हणाली, "अम्मा, पापा नहीं रहे." मी विचारलं, कधी, कशानं. मग विचारलं, दुकानातल्या पुस्तकांचं काय करणार आहात. जोशीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. माणूस गेल्यावर आधी काय विचारायचं असतं ते मला कळतं. पण मी गेले असते आणि फोन होतचंदनं केला असता, तर त्यानंही माझ्या बाइंडिंगच्या दाभणाची आणि दाबपट्टीची चौकशी केली असती. आमची ओळखच तशी होती.

आता महिना होऊन गेला. माझी धाकटी मुलगी म्हणाली, आई, पेपरच्या पुरवणीत त्यांच्यावर कुणीतरी लिहायला हवं. कुणीतरी म्हणजे मीच निघाले, कारण बाकीच्यांना तो रद्दीवाला म्हणूनच ठाऊक होता. मी चौथी पास आहे. पुस्तकं मी वाचली कमी, पण उसवली पुष्कळ. तीसेक वर्षं बाइंडिंगचं काम केलं, आधी उल्हासनगरात एका कारखान्यात हिशेबाच्या वह्या शिवायला होते, नंतर अंबरनाथला घरीच. त्यातली शेवटची चौदा-पंधरा वर्षं होतचंदच्या दुकानाची.

उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये, कपड्याच्या आणि भांड्यांच्या दुकानांच्या मध्ये त्याचं दुकान होतं. पुढे रद्दीचा काटा, मागे पुस्तकांची लायब्ररी. परदेशी रद्दीचे गठ्ठे यायचे, ते पेपर मिलला जायच्या आधी तो त्यांत हात घालून पुस्तकं काढून घ्यायचा. सगळे त्याला दादा म्हणत. माझ्याहून लहान माणसाला दादा कसं म्हणायचं, म्हणून मी होतचंदच म्हणायचे. तो मला अदी म्हणायचा, सिंधीत थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. फाळणीत आईच्या कडेवर बसून इकडे आला, पन्नास वर्षं इथं राहिला, पण त्याचं मराठी तीन वाक्यांच्या पुढे कधी गेलं नाही. चौथ्या वाक्याला हिंदी यायचीच.

त्याला एक खोड होती. पुस्तक परत आलं की तो ते कण्यावर उभं धरायचा आणि दोन्ही पुठ्ठे एकदम सोडून द्यायचा. पुस्तक आपलं आपण जिथं उघडेल, ते पान वाचायचा. गिऱ्हाईक काय सांगतं यावर त्याचा भरवसा नव्हता. एक कारकून नेहमी जाडजूड विचारांची पुस्तकं न्यायचा आणि परत करताना फार छान म्हणायचा. होतचंद पुस्तक सोडायचा, ते कुठंच उघडायचं नाही, दोन्ही पुठ्ठे लाकडासारखे उभे. कारकून गेला की होतचंद मला म्हणायचा, "अदी, हे परत नवीन आलं." त्याला मनापासून जाणून घ्यायचं असायचं, की माणसाला पुस्तकात नक्की काय आवडतं. धंद्यासाठी नव्हे. धंदा रद्दीवर चालायचा.

मला त्याची ही खोड पटायची, कारण मीही तेच बघत आले होते, पण आतल्या बाजूनं. पुस्तक उसवलं की सगळं कळतं. स्वयंपाकाच्या पुस्तकात हळद, ती कुणीही सांगेल. कवितेचं पुस्तक बहुतेक कोरं असतं, एकच पान मळलेलं, आणि ते इतकं मळलेलं की दोऱ्यातून सुटून आलेलं. बागेच्या पुस्तकात माती सापडेल असं मला वाटायचं, पण होतचंदच्या लायब्ररीतल्या बागेच्या पुस्तकांत माती नसायची. कॅम्पातल्या दहा बाय दहाच्या खोल्यांत कुणाकडे बाग होती? एक शिंपी होता, त्याच्या दारात तुळससुद्धा नव्हती, आणि तो सफरचंदाचं कलम कसं बांधायचं ते पुस्तक वर्षातून दोनदा न्यायचा. त्याच्या पानात शिलाईचे धागे सापडायचे. मी एकदा त्याला तोंडावर विचारलं, की तुम्ही सफरचंद लावणार कुठं. तो म्हणाला, लावायचं कशाला, वाचतो. आणि पुस्तक काखेत घालून गेला. माझं मात्र डोकं त्यात अडकलं.

माती सापडायची ती फक्त सबनीस साहेबांनी नेलेल्या पुस्तकांत. साहेब अंबरनाथला एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते, कॉलनीत त्यांचा बंगला होता आणि बंगल्यापुढे गुलाब. त्यासाठी ते बारवी धरणाकडून पोत्यानं माती आणवत. माणूस शिस्तीचा, बोलणं टोचरं. कारखान्याच्या क्लबात त्यांनी मोठी लायब्ररी केली होती आणि तिची सगळी पुस्तकं खिळखिळी झाली होती. त्या वर्षी माझ्या घरात मिळवती मी एकटी होते, दोन्ही मुली शाळेत. साहेब होतचंदला म्हणाले, आधी तीन पुस्तकं बांधून दाखवा, काम पसंत पडलं तर क्लबची सगळी तुमच्याकडे. म्हणजे मला निदान दोन वर्षं पुरेल इतकं काम. होतचंदनं आपल्या कपाटातली तीन इंग्रजी पुस्तकं माझ्यापुढे ठेवली. एक बागेचं, एक कवितांचं, एक बेसबॉलचं. बेसबॉल हा अमेरिकेतला दांडू-चेंडूचा खेळ आहे, एवढं त्यानं सांगितलं. तीन तऱ्हेची पुस्तकं देऊ, असं त्याच्या मनात होतं. पण तिन्ही एकाच मापाची, एकाच जाडीची, एकाच पिवळ्या कागदाची, बहुतेक एकाच छापखान्यातली. पानाच्या वर नाव नाही, खाली नुसता आकडा.

इथं मला एक सांगायला हवं. पहिल्याच दिवशी होतचंदनं मला विचारलं होतं, अदी, इंग्रजी येतं का, आणि मी म्हणाले होते, येतं थोडं. मला इंग्रजी आकडे येत होते. अक्षरं येत नव्हती.

तिन्ही पुस्तकं घरी आणून मी उसवली. पुस्तक म्हणजे सोळा सोळा पानांच्या घड्या असतात, त्या एकीवर एक ठेवून कण्याशी शिवायच्या. जुना सरस खरवडून मी जमिनीवर तीन चळती लावल्या, आणि नळाला पाणी आलं. पाणी तासभरच यायचं, तेही बेभरवशाचं. मी हंडे घेऊन धावले. तिसऱ्या खेपेला हंडा हिंदकळला, पाणी जमिनीवरून चळतींकडे निघालं. मी हंडा टाकला आणि सगळ्या घड्या पदरात गोळा करून खाटेवर ओतल्या. भिजलं काही नाही. पण तीन चळतींची एक झाली.

शांत बसून आकडे लावले. एक ते सोळाच्या घड्या तीन, सतरा ते बत्तीसच्या तीन, असं शेवटपर्यंत. मी प्रत्येक पुस्तकाला एकेक वाटून टाकली. चुकतंय हे मला तेव्हाच ठाऊक होतं. मी कागद उजेडात धरून बघितला, वास घेऊन बघितला, फरक लागेना. उठून कॅम्पात जायचं आणि होतचंदला विचारायचं, एवढंच करायला हवं होतं. पण मग इंग्रजी येत नाही हे सांगावं लागलं असतं, आणि साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते. मी शिवून टाकली. शिवण मात्र अशी केली की आजपर्यंत एक टाका ढिला नाही.

साहेब पुस्तकं घेऊन गेले. होतचंदनं ती उघडूनही पाहिली नव्हती, त्या दिवशी काट्यावर गर्दी होती. आठ दिवसांनी साहेब परत आले तेव्हा मी दुकानात मागे बसून पुठ्ठे कापत होते. त्यांनी तिन्ही पुस्तकं फळीवर ठेवली आणि म्हणाले, यातल्या घड्या कुणी लावल्या? होतचंदनं वरचं पुस्तक उचललं, दोन-तीन ठिकाणी उघडलं. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. एखादा आकडा कळला की माणूस बघतो तसं.

"घड्या मी लावल्या, साहेब," तो म्हणाला. "बाईने फक्त शिलाई केली. शिलाई बघा तुम्ही."

मी कात्री हातात धरून बसून राहिले. मी कुणाच्याही तोंडावर काहीही बोलते अशी माझी ख्याती आहे. नणंदेला बोलले, फोरमनला बोलले, मुलीच्या सासऱ्याला भर मांडवात बोलले. त्या दिवशी बोलले नाही. पुठ्ठा कापायला लागले.

साहेब म्हणाले, शिलाई उत्तम आहे, पुस्तक टेबलावर उघडं पडून राहतं, क्लबचं काम या बाईंनाच देणार. पण होतचंदनं त्यातल्या एका पानालाही हात लावायचा नाही. आणि मग साहेब बसले. ते कधी बसत नसत. म्हणाले, एका पुस्तकात चौसष्ट पानांपर्यंत सरळ बाग चालली होती. गुलाबाची छाटणी कधी करावी, घाई करू नये, फांदीवरचा डोळा कुठं बघतोय ते नीट पाहावं. आणि समोरच्या पासष्टवर एक माणूस दांडू धरून उभा आहे आणि चेंडूची वाट बघतोय. मी तीन पानं वाचली, ते म्हणाले, मला वाटलं माळ्यानं दाखला दिलाय. समोरचा चेंडू टाकायच्या आधी पायानं माती उकरतो, टोपी सारखी करतो, आणि पुन्हा उभा राहतो. तिसऱ्या पानावर मला कळलं की हे दुसरंच काहीतरी आहे, पण मग मला त्या चेंडूचं काय झालं ते पाहिजे होतं, आणि पुढे कविता. होतचंदनं विचारलं, मग? साहेब म्हणाले, मग काय, कविता वाचली. कॉलेज सोडल्यापासून पहिली.

त्या दिवसापासून दोन गोष्टी सुरू झाल्या. एक म्हणजे साहेबांची चेष्टा. दर खेपेला दुकानात पाय ठेवला की ते मोठ्यानं विचारायचे, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर:

"काय होतचंद, चौसष्टनंतर किती?"

आणि होतचंद काट्यावरून मान वर न करता म्हणायचा, "चौसष्ट के बाद बेसबॉल, साहेब."

लोक हसायचे. ज्यांना गोष्ट ठाऊक नव्हती त्यांना साहेब सांगायचे, की या माणसाला आकडे लावता येत नाहीत. हे दहा-बारा वर्षं चाललं. मी मागे बसून ऐकायचे.

दुसरी गोष्ट अशी, की माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पुस्तकात पानाच्या आकड्याशेजारी रंगीत पेन्सिलीचा एक बारीक ठिपका यायला लागला. दर सोळा पानांनी एक. एका पुस्तकाला लाल, दुसऱ्याला निळा, तिसऱ्याला हिरवा. क्लबची पुस्तकं शेकड्यांनी आली, सगळ्यांत ठिपके. साहेबांनी हात लावू नको म्हटलेलं असताना होतचंद सकाळी दुकान उघडून, काटा मांडायच्या आधी, ते करत बसायचा. मला त्यानं सांगितलं नाही की ठिपके कशासाठी. मी विचारलं नाही. मला कळलं आणि मला कळलंय हे त्याला कळलं... तेवढ्यावरच राहिलं.

आणखी एक. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो मला ती तीन पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवायला लागला. आधी म्हणाला, डोळे तपासायचे आहेत, जरा ऐक. इंग्रजी ओळ म्हणायचा आणि मग त्याच्या त्या मराठी-हिंदीत सांगायचा. मी पुठ्ठे चिकटवायच्या खळीत, कीड लागू नये म्हणून, मोरचूद घालून ढवळत ऐकायचे. खेळ मला बिलकूल कळेना. तो म्हणाला, अदी, यात असं आहे, खेळाडू घरातून निघतो. त्या जागेला ते घरच बोलतात. पहिल्या खुणेला जातो, दुसऱ्या, तिसऱ्या, आणि परत घरी पोचला तर एक रन. मी म्हणाले, एवढं पळून घरीच यायचं तर निघायचं कशाला? तो हसायला लागला. इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसले, आणि चष्मा परत लावायला त्यानं बराच वेळ घेतला. मी खळ ढवळत राहिले.

मी त्याला विचारलं होतं, या पुस्तकात तुला काय मिळतं. खेळ तू कधी पाहिला नाहीस, पाहणार नाहीस. त्यात पानंच्या पानं काही होत नाही, एक माणूस उभा, दुसरा माणूस उभा. तो म्हणाला, "काही होत नाही तेच कसं लिहिलंय ते बघ ना, अदी." मला वाटलं, उगाच मोठं बोलतोय. पण मग बागेच्या पानांतही तेच निघालं. बी मातीत घातलं, आता वीस दिवस वर काही दिसणार नाही, आणि त्या न दिसण्यावर त्या माणसानं दोन पानं लिहिली होती. शिंपी तेच वाचायला न्यायचा का काय कोण जाणे. बदलापूरच्या शाळेतल्या वैद्य बाई कवितेसाठी यायच्या, होतचंदनं त्यांना मुद्दाम त्या तिनातलं एक दिलं. त्या परत आल्या त्या तणतणत, की कवितेत मध्येच शेणखत आलं. पण पुस्तक आणखी आठ दिवस ठेवते म्हणाल्या. ते परत आल्यावर होतचंदनं पुठ्ठे सोडले, तर उघडलं खेळाडूंच्या नावांच्या तक्त्यावर. कवितेच्या बाई, आणि तक्ता! आम्ही दोघं आठवडाभर त्यावर डोकं चालवत होतो. तो म्हणायचा, परक्या नावांचा नाद आवडला असेल. मी म्हणायचे, तक्त्यावर पुस्तक टेकवून कुणीतरी चहा प्यायलं असेल. बाईंना विचारायचं दोघांनाही सुचलं नाही, म्हणजे सुचलं, पण मग कोडं संपलं असतं.

पुढे केबल आली, लायब्ररी बसली. होतचंदच्या मुलानं अर्ध्या दुकानात जीन्स पँटी टांगल्या. क्लबचं काम कधीच संपलं होतं, माझे डोळेही अधू झाले. आम्ही सणाला भेटायचो. शेवटचं भेटलो तेव्हा तो काउंटरच्या कडेला खुर्चीवर होता, त्याला दम लागायचा. सबनीस साहेब रिटायर होऊन अंबरनाथलाच राहिले होते, त्यांचं येणं चालू होतं. माझ्यासमोरच आले आणि म्हणाले, काय होतचंद, चौसष्टनंतर किती? त्याला बोलायला श्वास पुरेना. त्यानं नुसता दांडू फिरवल्यासारखा हात केला. साहेब हसले. तेव्हाही मी बोलू शकले असते. दहा वर्षांत रोज बोलू शकले असते. आधी कामाची भीती होती, ती खरी होती. काम संपल्यावर कसली भीती होती ते मला नीट सांगता येत नाही.

बाराव्यानंतर मी कॅम्पात गेले. सुनेनं एक पिशवी पुढे केली, म्हणाली, पापांनी सांगून ठेवलं होतं, ये अंबरनाथवाली अम्मा का है. आत ती तीन पुस्तकं. घरी आणून मी उघडली तर पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक पानाच्या आकड्याशेजारी ठिपके. मी बांधली तेव्हा ते नव्हते. त्यानं नंतर कधीतरी बसून घातलेले. बागेला लाल, कवितेला निळा, बेसबॉलला हिरवा. म्हणजे मला कधी वाटलंच, तर मी उसवून तिन्ही नीट लावू शकावी. अक्षर न वाचता.

दाभण अजून घरात आहे, दोराही आहे. मी उसवणार नाही.

काल दुपारी मी त्यातलं एक कण्यावर उभं धरलं आणि दोन्ही पुठ्ठे सोडले. मी शिवलेलं पुस्तक असं सहजासहजी उघडत नाही, दोरा जिथं वर्षानुवर्षं ताणला गेलाय तिथंच उघडतं. ते चौसष्ट आणि पासष्टच्या मधोमध उघडलं. डावीकडे लाल ठिपका, उजवीकडे हिरवा. दोन्ही पानांचे कोपरे काळे, मऊ, कापडासारखे झालेले.

सबनीस साहेब ही पुरवणी वाचतात, मला माहीत आहे. साहेब, त्या घड्या मी लावल्या होत्या. चौसष्टनंतर किती येतात, ते होतचंदला येत होतं.